सीपॅक: पॅकर फुकट, दोऱ्या मात्र आपणच आवळायच्या

ओपन सोर्स प्रकल्पाच्या डाउनलोड पानावर किमान पाच फाइली लागतात. विंडोजवाल्यांना एमएसआय किंवा सेटअपची ईएक्सई, मॅकवाल्यांना डीएमजी किंवा पीकेजी, उबुंटू-डेबियनला डेब, फेडोरा-रेड हॅटला आरपीएम, आणि यांतल्या कशातच न बसणाऱ्यांसाठी एक टारबॉल (फाइलींचा नुसता गठ्ठा). प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एमएसआय बनवणाऱ्या विक्सला एक्सएमएल हवं, सेटअपची ईएक्सई बनवणाऱ्या एनएसआयएसची स्वतःची स्क्रिप्टभाषा, आरपीएमला स्पेक फाइल, डेबला कंट्रोल फाइल. दोन-तीन माणसांच्या प्रकल्पात हे सगळं सांभाळायला कुणाकडे वेळ असतो?

सीपॅक हे पॅकेजं बनवणारं हत्यार म्हणतं, तुमचा प्रकल्प सीमेकवर (कोडवरून प्रोग्रॅम बांधायची व्यवस्था) बिल्ड होत असेल, तर कुठली फाइल कुठे जाते हे तुम्ही इन्स्टॉलच्या नियमांत एकदा लिहिलेलंच आहे. त्यावरून ही सगळी पॅकेजं मी बनवून देतो. हे बरंचसं खरं आहे. जे खरं नाही ते नेमकं रिलीजच्या रात्री कळतं, म्हणून इथे भर त्यावर दिला आहे.

सीपॅक हे किटवेअर कंपनीच्या सीमेकसोबतच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. लायसन बीएसडी, तीन कलमी. खालचं सगळं सीमेक ३.३० धरून लिहिलं आहे, कारण विक्स ४ चा आधार तिथून सुरू होतो. गुण द्यायचेच तर लिनक्ससाठी पाचपैकी चार, विंडोजसाठी साडेतीन, मॅकसाठी अडीच. व्हेरिएबलांची नावं इथे बोलताना म्हणतो तशी दिली आहेत. टाइप करताना ती कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन आणि सुरुवातीला सीपॅक लावून लिहायची.

सुरुवात

काम चालतं ते असं. सीपॅक तुमचे इन्स्टॉलचे नियम एका तात्पुरत्या फोल्डरात चालवतं, बिल्डमधल्या ‘_सीपॅक_पॅकेजेस’ या फोल्डरात. तिथे जमलेल्या फाइली मग प्रत्येक जनरेटर (एकेका प्रकारचं पॅकेज बनवणारा भाग) आपापल्या साच्यात बसवतो. बिल्ड फोल्डरात ‘सीपॅक -जी डेब’ म्हटलं की डेब तयार; एकदम तीन हवी असतील तर अवतरणात अर्धविराम देऊन तिन्ही नावं लिहायची. डेब, आरपीएम, टीजीझेड, झिप, एनएसआयएस, विक्स, इनोसेटअप (हा ३.२७ पासून), प्रॉडक्टबिल्ड, ड्रॅगएनड्रॉप ही नेहमीच्या वापरातली नावं. काही अडलं तर पुढे ‘--व्हर्बोज’ जोडायचं आणि त्या तात्पुरत्या फोल्डरात जाऊन बघायचं. तिथे जे नाही ते पॅकेजमध्येही नाही.

सीमेकलिस्ट्स फाइलीत क्रम महत्त्वाचा. आधी प्रोजेक्टची ओळ, व्हर्जनसकट. मग टार्गेटं, मग इन्स्टॉलचे नियम, मग सीपॅकची व्हेरिएबलं, आणि सगळ्यात शेवटी ‘इन्क्लूड सीपॅक’. व्हेरिएबल इन्क्लूडच्या खाली गेलं तर ते मोजलंच जात नाही, आणि याची सूचना कुठेही येत नाही. खात्री करायची असेल तर कॉन्फिगर झाल्यावर बिल्ड फोल्डरातली ‘सीपॅककॉन्फिग’ ही फाइल उघडा. तुम्ही दिलेली किंमत तिथे दिसली नाही, तर ती ओळ चुकीच्या जागी आहे. ‘व्हर्बेटिम व्हेरिएबल्स’ पहिल्या दिवशीच चालू करून टाका; नाहीतर बॅकस्लॅश आणि अवतरणचिन्हं वाटेत गळतात आणि विंडोजचे पाथ मोडतात.

आता डिफॉल्ट किमतींबद्दल. त्या फार जुन्या काळी ठरल्या आणि सुसंगततेपायी तशाच राहिल्या. ‘पॅकेज व्हेंडर’ भरलं नाही तर प्रकाशक म्हणून ‘ह्युमॅनिटी’ येतं. म्हणजे विंडोजच्या ॲप्सच्या यादीत तुमच्या प्रोग्रॅमपुढे साक्षात मानवजातीचं नाव. गंमत वाटते, पण एखाद्या ऑफिसातल्या आयटीवाल्याला ते पाहून शंका येणारच. प्रोजेक्टला व्हर्जन दिलं नसेल तर पॅकेज ०.१.१ या आवृत्तीचं निघतं. आणि सगळ्यात तापदायक म्हणजे ‘पॅकेज इन्स्टॉल डिरेक्टरी’: डिफॉल्ट किंमत नाव अधिक व्हर्जन. विंडोजवर १.४ आणि १.५ शेजारी शेजारी दोन फोल्डरांत बसतात. एनएसआयएसमध्ये रजिस्ट्रीच्या नोंदीचंही तसंच, म्हणून काढून टाकण्याच्या यादीतही दोघं दिसतात. हे फोल्डरनाव आणि ‘पॅकेज इन्स्टॉल रजिस्ट्री की’ दोन्ही व्हर्जनशिवाय, हातानं लिहा. एनएसआयएस वापरणार असाल तर ‘अनइन्स्टॉल बिफोर इन्स्टॉल’ही चालू करा.

इन्स्टॉलचे नियम स्वच्छ नसतील तर

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? सीपॅकवरच्या निम्म्या तक्रारी खरं तर इन्स्टॉलच्या नियमांवरच्या असतात.

पहिली म्हणजे पूर्ण पाथ. इन्स्टॉलच्या नियमात ‘/युएसआर/शेअर/…’ असं मुळापासून लिहिलं की तो नियम तात्पुरत्या फोल्डराला जुमानत नाही. विंडोजवर अशा पाथला काही अर्थही नसतो. सगळी ठिकाणं सापेक्ष ठेवा आणि ‘जीएनयूइन्स्टॉलडर्स’ हे मॉड्यूल घ्या. शिस्त मोडली की लगेच कळावं म्हणून ‘एरर ऑन ॲब्सोल्यूट इन्स्टॉल डेस्टिनेशन’ चालू ठेवा.

पण त्या मॉड्यूलचीही एक खोड आहे. लायब्ररी कुठल्या फोल्डरात जाणार हे ते कॉन्फिगरच्या वेळी ठरवतं, तेव्हाचा प्रीफिक्स (इन्स्टॉलचं मूळ फोल्डर) पाहून. डेबियनवर प्रीफिक्स ‘/युएसआर’ असेल तर ‘लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’, नाहीतर नुसतं ‘लिब’. सीमेकचा प्रीफिक्स न सांगता असतो ‘/युएसआर/लोकल’, आणि डेब जनरेटर पॅक करताना वापरतो ‘/युएसआर’. दोघांचं जुळत नाही आणि लायब्ररी भलत्या जागी जाते. डेब किंवा आरपीएमसाठी कॉन्फिगर करतानाच इन्स्टॉलचा प्रीफिक्स ‘/युएसआर’ द्या, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

दुसरी तक्रार पाहुण्यांची. फेचकंटेंटनं (बाहेरचा कोड बिल्डमध्ये ओढून आणणारं सीमेकचं मॉड्यूल) आणलेल्या लायब्ररीचे स्वतःचे इन्स्टॉलचे नियम असतात आणि ते तुमच्या पॅकेजात गुपचूप शिरतात. चाचणीसाठी आणलेल्या गूगलटेस्टच्या हेडर फाइली वापरकर्त्याच्या ‘/युएसआर/इन्क्लूड’मध्ये उतरतात त्या अशा. सीमेक ३.२८ पासून फेचकंटेंटच्या घोषणेतच ‘एक्स्क्लूड फ्रॉम ऑल’ लिहिता येतं. गूगलटेस्टला त्याचं स्वतःचं ‘इन्स्टॉल जीटेस्ट’ बंद करायचं बटणही आहे. याहून वाईट म्हणजे पाहुण्यानं स्वतःच सीपॅक इन्क्लूड केलेलं असणं. तसं झालं तर त्याच्या किमती आधी बसतात, आणि तुमच्या इन्क्लूडला ‘सीपॅक आधीच इन्क्लूड झालंय’ एवढी एक ओळ मिळते. ही सूचना दिसली तर दुर्लक्ष करू नका.

पॅकेज बाहेर पाठवण्याआधी आत डोकावायची सवय ठेवा. डेबसाठी ‘डीपीकेजी-डेब -सी’, आरपीएमसाठी ‘आरपीएम -क्यूपीएल’, पीकेजीसाठी ‘पीकेजीयुटिल --पेलोड-फाइल्स’, एमएसआयसाठी ‘एमएसआयएक्सेक /ए’ आणि कुठे उलगडायचं ते फोल्डर. दोन मिनिटांचं काम आहे.

डेब

हा सीपॅकचा सगळ्यात गुळगुळीत चालणारा भाग. देखभाल करणाऱ्याचं नाव-ईमेल दिल्याशिवाय पॅकेज बनतच नाही, ते ‘पॅकेज कॉन्टॅक्ट’मध्ये द्या. फाइलीच्या नावासाठी ‘डेब-डिफॉल्ट’ ही खास किंमत वापरा, म्हणजे नाव, व्हर्जन, आर्किटेक्चर अशी डेबियनच्या रीतीची फाइल निघते. नाहीतर शेवटी नुसतं ‘लिनक्स’ लागतं आणि एएमडी६४ कुठलं नि एआरएम६४ कुठलं ते समजत नाही.

अवलंबित्वांसाठी ‘शलिब-डेप्स’ चालू करावं लागतं, डिफॉल्ट बंद. चालू केलं की सीपॅक ‘डीपीकेजी-शलिबडेप्स’ हे हत्यार चालवून तुमची बायनरी कुठल्या लायब्रऱ्यांना जोडलेली आहे ते पाहतं आणि त्यांची पॅकेजं ‘डिपेंड्स’मध्ये लिहितं. मात्र हे हत्यार ‘डीपीकेजी-डेव्ह’ या पॅकेजात येतं, आणि सीआयमधल्या (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवरच्या) छाटलेल्या कंटेनरात ते नसतं. तेव्हा सीपॅक थांबत नाही. तसंच पुढे जातं आणि रिकाम्या डिपेंड्सचं पॅकेज हातात ठेवतं. बनवणाऱ्याच्या यंत्रावर सगळ्या लायब्रऱ्या आधीच असल्यामुळे तिथे ते छान चालतंही. ‘डीपीकेजी-डेब -आय’ चालवून डिपेंड्सची ओळ डोळ्यांनी पाहा. प्लगिन म्हणून चालू असताना उघडल्या जाणाऱ्या लायब्रऱ्या आणि बाहेरून बोलावलेल्या स्क्रिप्टा या हत्याराला दिसत नाहीत, त्या ‘डेबियन पॅकेज डिपेंड्स’मध्ये हातानं लिहा. स्वतःचीच खासगी लायब्ररी सोबत देत असाल तर ‘शलिब-डेप्स प्रायव्हेट डर्स’मध्ये तिचं फोल्डर सांगा, नाहीतर ती कुठल्या पॅकेजची हे न कळल्यामुळे सगळं अडतं.

बिल्ड कुठे करायची? ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीला आधार द्यायचा आहे तिच्या कंटेनरात. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६, उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. त्यात २४.०४ मध्ये टी६४ची भर पडली: ६४ बिटी वेळेच्या बदलासाठी कित्येक लायब्रऱ्यांची पॅकेजनावं बदलली, ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं. २४.०४ वर बनवलेलं डेब नव्या नावावर अवलंबून राहतं, आणि २२.०४ वर ते नाव अस्तित्वातच नाही. उलट बाजूला अडचण नाही, कारण एएमडी६४ वर नवं पॅकेज ‘जुनं नावही माझंच’ असं जाहीर करतं.

दाब पद्धत एक्सझेड ठेवा. झेडएसटीडी वेगवान आहे, पण डेबियन ११ चं डीपीकेजी ते उघडू शकत नाही. पोस्टइन्स्ट (बसवल्यानंतर चालणाऱ्या) स्क्रिप्टा देणार असाल तर ‘कंट्रोल स्ट्रिक्ट परमिशन’ चालू करा, कारण विंडोजवरून कमिट केलेल्या फाइलीची एक्झिक्यूटची परवानगी हमखास हरवलेली असते. आणि मेन्यूचा किंवा आयकॉनचा कॅश ताजा करण्यासाठी पोस्टइन्स्ट लिहायची गरजच नसते. ते काम डीपीकेजीचे ट्रिगर आपणहून करतात. जुन्या लेखांतून उचललेल्या अशा स्क्रिप्टा आजही जिथे तिथे दिसतात.

आरपीएम

इथे एका सापळ्यात जवळपास प्रत्येक नवा माणूस पडतो. पॅकेज बनतं, आपल्या यंत्रावर बसतं, आणि फेडोरावर बसवताना ‘अमुक फोल्डर फाइलसिस्टम या पॅकेजमधल्या फोल्डराशी भिडतं’ अशी तक्रार येते. कारण असं की सीपॅक फाइलींबरोबर वाटेतल्या फोल्डरांचीही मालकी आपल्याकडे घेतं. ‘/युएसआर’, ‘/युएसआर/बिन’, ‘/युएसआर/शेअर’ अशी काही फोल्डरं आधीच वगळलेली आहेत, पण डेस्कटॉप प्रोग्रॅमला लागणारी ‘/युएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स’, ‘/युएसआर/शेअर/आयकॉन्स’, त्याखालचं ‘हायकलर’ आणि त्यातलं प्रत्येक मापाचं उपफोल्डर त्या यादीत नाहीत. ती सगळी ‘आरपीएम एक्स्क्लूड फ्रॉम ऑटो फाइललिस्ट ॲडिशन’मध्ये एकेक करून लिहावी लागतात. ४८, १२८, २५६ आणि स्केलेबल असे चार आयकॉन असतील तर प्रत्येकाचं मापाचं फोल्डर आणि त्यातलं ‘ॲप्स’, म्हणजे आठ ओळी. कंटाळवाणं आहे, पण एकदाच.

आरपीएमच्या व्हर्जनमध्ये आडवी रेघ चालत नाही. रिलीज कँडिडेटसाठी टिल्ड वापरा: ‘१.६.०~आरसी१’ हे ‘१.६.०’च्या आधीचं मानलं जातं, आणि हा नियम डेबलाही लागू आहे. ‘आरपीएम पॅकेज लायसन’ भरलं नाही तर तिथे ‘अननोन’ छापलं जातं. ओपन सोर्स प्रकल्पाला हे शोभत नाही.

उबुंटूवर ‘आरपीएम’ पॅकेज टाकून तिथेच आरपीएम बनवायचा मोह होतो. बनतंही. पण अवलंबित्वं त्या यंत्राच्या जीलिबसीवरून निघतात, आणि मग आरएचईएल ९ (जीलिबसी २.३४) ते नाकारतं. अल्मालिनक्स ९ च्या कंटेनरात बिल्ड करा. दोन वेगळी पॅकेजं तीच बायनरी लायब्ररी सोबत आणत असतील तर ‘.बिल्ड-आयडी’च्या दुव्यांवरून भांडण होतं. स्पेकमध्ये ‘_बिल्ड_आयडी_लिंक्स नन’ अशी व्याख्या घुसवली की मिटतं.

विंडोज: तीन वाटा

एनएसआयएस, इनोसेटअप की विक्स? घरगुती वापरकर्त्यांसाठी पहिल्या दोन्ही चालतात. ऑफिस, कॉलेजची लॅब, ग्रुप पॉलिसी असा विषय असेल तर एमएसआय हवंच, म्हणजे विक्स. (विक्स हे मायक्रोसॉफ्टनं २००४ मध्ये ओपन सोर्स म्हणून सोडलेलं पहिलं हत्यार, हे आता फार कुणाच्या लक्षात नाही.)

विक्समध्ये सर्वांत आधी ‘विक्स अपग्रेड जीयुआयडी’ (प्रोग्रॅमचा ओळखक्रमांक) एकदा बनवून सीमेकलिस्ट्समध्ये कायमचा लिहून ठेवा. तो नसेल तर सीपॅक दरवेळी नवा बनवतं, आणि विंडोजच्या लेखी तुमची प्रत्येक आवृत्ती हा वेगळाच प्रोग्रॅम ठरतो. एक-दोन रिलीज तशाच गेल्या असतील तर जुन्या वापरकर्त्यांना हातानं काढायला सांगण्यावाचून सोपा उपाय नाही. व्हर्जन फक्त आकड्यांचं, आणि एमएसआय तुलना करताना पहिले तीनच आकडे बघतं. १.६.०.१ वरून १.६.०.२ हे अपग्रेड म्हणून धरलंच जात नाही. पहिल्या दोन आकड्यांची मर्यादा २५५, तिसऱ्याची ६५५३५. व्हर्जन म्हणून २०२५.३ असं वर्ष लिहिणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा.

‘विक्स इन्स्टॉल स्कोप’ला ‘परमशीन’ सांगा. विक्स ३ वर जुनी वागणूक अशी की फाइली सगळ्यांसाठी बसतात पण स्टार्ट मेन्यूतली नोंद बसवणाऱ्यापुरतीच. पुढच्या वेळी दुसऱ्या ॲडमिननं अपग्रेड केलं की नोंदी दुहेरी.

लायसनची फाइल ही आणखी एक क्षुल्लक पण हमखास ठेच. ओपन सोर्स रेपोत तिचं नाव बहुधा नुसतं ‘लायसन्स’ असतं, पुढे एक्स्टेन्शन नाही. विक्स जनरेटरला .टीएक्सटी किंवा .आरटीएफच लागतं, मॅकचं प्रॉडक्टबिल्डही एक्स्टेन्शन नसलेली फाइल परत करतं. कॉन्फिगरच्या वेळी तिची .टीएक्सटी नावानं बिल्ड फोल्डरात नक्कल करा आणि तीच ‘रिसोर्स फाइल लायसन्स’ला द्या. विक्सची चित्रं लागत असतील तर बॅनर ४९३ बाय ५८ आणि डायलॉग ४९३ बाय ३१२ पिक्सेल. एनएसआयएसच्या वरच्या पट्टीला १५० बाय ५७ ची बीएमपी, आणि तिच्या पाथमध्ये शेवटच्या फोल्डरानंतर सरळ स्लॅशऐवजी सीमेकलिस्ट्समध्ये चार बॅकस्लॅश. हो, चार. एनएसआयएसला युनिक्स धाटणीचा पूर्ण पाथ पचत नाही, म्हणून कागदपत्रांतच हा उतारा दिलेला आहे.

कमांडलाइनचं हत्यार असेल तर पाथमध्ये भर घालायची असते. एनएसआयएसमध्ये ‘मॉडिफाय पाथ’ चालू केलं की वापरकर्त्याला तसा पर्याय दिसतो. पण साध्या एनएसआयएसची स्ट्रिंग १०२४ अक्षरांची. डेव्हलपरच्या यंत्रावर पाथ त्याहून लांब सहज असतो. तेव्हा सीपॅकचा साचा इशारा देतो आणि पाथ बदलत नाही. निदान असलेला पाथ तरी शाबूत राहतो. विक्समध्ये यासाठी तयार बटण नाही: ‘विक्स पॅच फाइल’मध्ये एनव्हायर्नमेंटचा एक्सएमएल तुकडा लिहून तो तुमच्या ईएक्सईच्या कंपोनंटला जोडायचा. त्याचा आयडी ‘सीएम_सीपी_’नं सुरू होतो, अंदाजानं लिहू नका, तात्पुरत्या फोल्डरातली ‘फाइल्स.डब्ल्यूएक्सएस’ उघडून तिथला उतरवा.

डीएलएलचं सांगायचं तर व्हिज्युअल सी++ चं रनटाइम ‘इन्स्टॉलरिक्वायर्डसिस्टमलायब्ररीज’ मॉड्यूल आणतं. इतरांसाठी सीमेक ३.२१ पासूनचा ‘रनटाइम डिपेंडन्सी सेट’. त्यात ‘एपीआय-एमएस-’ आणि ‘ईएक्सटी-एमएस-’नं सुरू होणारी नावं आधी वगळा, आणि सिस्टम३२ मधलं सगळं नंतर वगळा, नाहीतर विंडोजच्या स्वतःच्याच डीएलएल तुमच्या पॅकेजात भरल्या जातात. क्यूटी असेल तर क्यूटीची स्वतःची डिप्लॉय स्क्रिप्ट वापरा, प्लगिनं तिलाच नीट कळतात. आणि बिल्ड रिलीजचीच आहे ना ते पाहा: डीबगची बायनरी ‘व्हीसीरनटाइम१४०डी’ मागते आणि ती डीएलएल वापरकर्त्याच्या यंत्रावर नसते.

मराठी वापरकर्ते असलेल्या प्रकल्पांनी एक चाचणी जरूर करावी. विंडोजवर देवनागरी नावाचं लोकल अकाउंट उघडा, समजा ‘स्वाती’. प्रोफाइलचं फोल्डर त्याच नावाचं बनतं, आणि टेम्पचा पाथही त्यातूनच जातो. देवनागरीला विंडोजमध्ये एएनएसआय कोडपेजच (जुन्या पद्धतीचा अक्षरसंच) नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीनं पाथ वाचणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला तिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. युरोपीय नावांवर जे निभावून जातं ते इथे सरळ आपटतं. एनएसआयएस ३ चा युनिकोड इन्स्टॉलर, इनोसेटअप ६ आणि विंडोज इन्स्टॉलर हे यातून सुखरूप जातात. पडतो तो तुमचा प्रोग्रॅम, बसवल्यानंतर पहिल्यांदा उघडताना. मॅनिफेस्टमध्ये ‘ॲक्टिव्ह कोडपेज’ युटीएफ-८ केलं की विंडोज १० च्या १९०३ पासून पुढे हे सुटतं. एमएसआयच्या आत मात्र उत्पादनाचं नाव रोमनच ठेवा: तो डेटाबेस एका कोडपेजवर बांधलेला असतो आणि देवनागरी तिथे बसत नाही.

सही (प्रोग्रॅम तुमचाच असल्याची डिजिटल खूण) हा खर्चाचा विषय. १ जून २०२३ पासून कोड सहीची खासगी किल्ली हार्डवेअरमध्येच असावी असा नियम आहे, त्यामुळे सर्टिफिकेटची फाइल सीआयमध्ये ठेवून सही करायचे दिवस गेले. ओपन सोर्ससाठी साइनपाथ फाउंडेशन विनामूल्य सही करून देतं, तिथे अर्ज करता येतो. सीपॅकच्या बाजूनं सोय चांगली आहे: आतल्या ईएक्सईंची सही ‘प्री बिल्ड स्क्रिप्ट्स’मध्ये, बाहेरच्या इन्स्टॉलरची ‘पोस्ट बिल्ड स्क्रिप्ट्स’मध्ये, दोन्ही ३.१९ पासून. एनएसआयएसचा अनइन्स्टॉलर मात्र वापरकर्त्याच्या यंत्रावर उतरतो, बाहेरच्या फाइलीची सही त्याला लागत नाही; त्यासाठी ‘अनइन्स्टफायनलाइझ’ची वेगळी तजवीज करावी लागते.

विंडोजवर ‘सीपॅक’ म्हटल्यावर भलताच प्रोग्रॅम उत्तर देत असेल, तर यंत्रावर जुनं चॉकलेटी (विंडोजचं एक पॅकेज मॅनेजर) आहे का पाहा. त्याच्याही एका कमांडचं नाव सीपॅकच होतं, आणि पाथमध्ये ती आधी असेल तर ती पुढे येते. ‘सीमेक --बिल्ड’ला ‘पॅकेज’ हे टार्गेट दिलं की हा घोळ टळतो.

मॅक: अडीच गुण का

डीएमजी बनवणं सोपं. ड्रॅगएनड्रॉप जनरेटर ॲपशेजारी ॲप्लिकेशन्सचा दुवा आपणहून ठेवतो. सीआयवर अधूनमधून ‘एचडीआययुटिल: रिसोर्स बिझी’ म्हणून बिल्ड पडते, तुमची चूक नसते, तीनदा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट लावा. कमांडलाइनच्या हत्यारांसाठी प्रॉडक्टबिल्ड. त्याचा डिफॉल्ट प्रीफिक्स ‘/ॲप्लिकेशन्स’ असतो, म्हणजे तुमची बायनरी ‘/ॲप्लिकेशन्स/बिन’मध्ये जाऊन बसते आणि टर्मिनलला सापडत नाही. ‘पॅकेजिंग इन्स्टॉल प्रीफिक्स’ला ‘/युएसआर/लोकल’ द्या. ही किंमत फक्त या जनरेटरपुरती हवी म्हणून ती ‘प्रोजेक्ट कॉन्फिग फाइल’मध्ये लिहा. सीपॅक ही फाइल प्रत्येक जनरेटरसाठी पुन्हा वाचतं, त्यामुळे आत ‘जनरेटर कुठला’ असं विचारून हवं ते बदलता येतं. या एका सोयीमुळे अर्धी गुंतागुंत कमी होते, आणि तरी ती फार कमी प्रकल्पांत दिसते.

अवघड आहे ती सही. बिल्ड झाल्या झाल्या सही केली तर ती टिकत नाही, कारण इन्स्टॉलच्या टप्प्यावर सीमेक बायनरीतला आरपाथ (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ती नोंद) बदलतं आणि बदललेल्या फाइलीची सही बाद होते. ॲपल सिलिकॉनवर अशी बायनरी उघडतच नाही, टर्मिनलमध्ये फक्त ‘किल्ड: ९’ दिसतं आणि माणूस तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतो. सही करायची ती प्री बिल्ड स्क्रिप्टमध्ये, फाइली तात्पुरत्या फोल्डरात उतरल्यानंतर. आतून बाहेर असा क्रम: आधी डायलिब, मग फ्रेमवर्क, शेवटी ॲप. हार्डन्ड रनटाइम आणि टाइमस्टॅम्प दोन्ही लागतात. बायनरीसाठी ‘डेव्हलपर आयडी ॲप्लिकेशन’ आणि पीकेजीसाठी ‘डेव्हलपर आयडी इन्स्टॉलर’ अशी दोन निराळी सर्टिफिकेटं. अदलाबदल झाली की नोटरायझेशन (ॲपलची तपासणी आणि मंजुरी) परत येतं.

नोटरायझेशन सीपॅक करत नाही, ते ‘नोटरीटूल’नं बाहेर करायचं. जुनं ‘अल्टूल’ १ नोव्हेंबर २०२३ पासून त्या कामाला बंद झालं, त्यामुळे त्याआधीच्या स्क्रिप्टा उतरवून घेऊ नका. मंजुरी मिळाली की ‘स्टेपलर’नं पावती चिकटवायची, ती डीएमजी, पीकेजी किंवा ॲपला चिकटते, सुट्या बायनरीला नाही. आणि पावती चिकटली की फाइल बदलते. सीपॅकनं ‘पॅकेज चेकसम’ म्हणून बनवलेली शा२५६ ची फाइल त्या क्षणी खोटी ठरते. पोस्ट बिल्ड स्क्रिप्ट चेकसमच्या आधी चालते, तेव्हा नोटरायझेशन तिथेच उरका, नाहीतर चेकसम शेवटी स्वतः काढा.

या सगळ्यासाठी ॲपलची वर्षाची ९९ डॉलरची सदस्यता. ती नको म्हणणाऱ्या प्रकल्पांचे वापरकर्ते पूर्वी कंट्रोल दाबून ‘ओपन’ करत. मॅकओएस १५ पासून ती वाट बंद आहे, आता सिस्टम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीपर्यंत जावं लागतं. डाउनलोड पानावर हे चार ओळींत लिहून ठेवा.

काय जमत नाही, आणि मग काय घ्यावं

सीपॅकचं डेब डेबियनच्या अधिकृत भांडारात जात नाही. तिथे ‘डेबियन’ फोल्डर, चेंजलॉग, कॉपीराइट फाइल असा रीतसर स्रोत लागतो. सीपॅक तयार बायनरी डेब देतं, स्रोत पॅकेज नाही. फेडोरालाही स्वतःची स्पेक फाइलच हवी. फ्लॅटपॅक आणि स्नॅप हा वेगळाच मामला. प्रकल्प गो किंवा रस्टमध्ये असेल तर केवळ पॅकेजिंगसाठी सीमेक आणू नका. एनएफपीएम एका याम्ल फाइलीवरून डेब, आरपीएम आणि अल्पाइनचं एपीके बनवतं आणि त्याला आरपीएमबिल्डही लागत नाही. जावासाठी जेडीकेसोबतचं जेपॅकेज आहेच, जेडीके १६ पासून पक्कं.

स्रोताचा टारबॉल ‘पॅकेज सोर्स’नं काढणार असाल तर ‘सोर्स इग्नोर फाइल्स’ भरा. गिटचं फोल्डर आपोआप वगळलं जातं, बिल्ड फोल्डर नाही. ते स्रोतातच असेल तर काही एमबींचा टारबॉल शेकडो एमबींचा होतो, आणि त्यात तुमच्या यंत्रावरचे पाथही जातात.

शेवटची तपासणी कोऱ्या यंत्रावर. डेबसाठी डेबियन १२ चा साधा कंटेनर, ‘ॲप्ट अपडेट’, मग ‘ॲप्ट इन्स्टॉल’ आणि फाइलीच्या नावाआधी टिंब-स्लॅश; ते विसरलात तर ॲप्ट भांडारात त्या नावाचं पॅकेज शोधत बसतं. विंडोजसाठी सँडबॉक्स, एमएसआय ‘/क्यूएन’ देऊन आणि एनएसआयएस कॅपिटल ‘/एस’ देऊन गुपचूप बसवून पाहा. आधीची आवृत्ती टाकून तिच्यावर नवी टाका, ॲप्सच्या यादीत एकच नोंद आहे ना ते मोजा. मग काढून टाका आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये काय मागे राहिलं ते बघा.